टर्बिनाफिन मलम: चिखल्यांना पैकीच्या पैकी, नखाला मात्र नाही

मी लहान मुलांना पोहायला शिकवते. सकाळी ३ तास आणि संध्याकाळी ३ तास पाय ओले. १९ वर्षं हेच काम करतेय, त्यामुळे करंगळीशेजारच्या बेचक्यात चिखल्या होणं मला नवं नाही. भिजून फुगलेली पांढरी कातडी, तिच्याखाली लाल चीर, आणि रात्री पांघरुणात पाय ऊबदार झाले की सुटणारी खाज. आधी हे सगळं आठ-पंधरा दिवसांत आपोआप जायचं. मधली दोन वर्षं मात्र चिखल्या गेल्या असं वाटायचं आणि महिन्याभरात त्या परत यायच्या. या दोन वर्षांत माझ्याकडून तीन वेगवेगळ्या ट्यूब वापरून झाल्या. त्यातली एक मी माझ्या मुलीच्या मानेला लावली, त्याचं मला अजून वाईट वाटतं. शिवाय पायाच्या अंगठ्याच्या नखावर मलम चोळण्यात चार महिने गेले.

चिखल्या बुरशीमुळे होतात, आणि हे परीक्षण मुख्यतः टर्बिनाफिन १ टक्का या बुरशीवरच्या मलमाचं आहे, बाकीची मलमं वाटेत येतील. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ट्यूबवर मोठ्या अक्षरांत छापलेल्या नावावरून काहीच कळत नाही. त्याखाली बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात, ते वाचायचे. चष्मा लागत असेल तर चष्मा लावून वाचायचे. हे मी का सांगतेय ते पुढे कळेलच.

पहिली ट्यूब होती क्लोट्रिमॅझोल १ टक्क्याची. चौथ्या दिवशी खाज थांबायची, आठव्या दिवशी बेचकं कोरडं आणि गुलाबी दिसायचं, की मी ट्यूब कपाटात ठेवून द्यायचे. तीन-चार आठवड्यांत तेच बेचकं पुन्हा पांढरं. सात महिन्यांत असं चार वेळा झालं आणि चारही वेळा मी मलमाला बोल लावला. दोष मलमाचा नव्हता. क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, किटोकोनॅझोल ही एकाच कुळातली औषधं. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचं द्रव्य असतं. आपल्या पेशींत ते नसतं, त्या जागी कोलेस्टेरॉल असतं. ही औषधं एर्गोस्टेरॉल बनण्याची एक पायरी अडवतात, म्हणून त्यांचा मार बुरशीवर बसतो आणि आपली कातडी सहसा वाचते. पण मलमाच्या रूपात ती मुख्यतः बुरशीची वाढ रोखून धरतात. रोखलेली बुरशी कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात तग धरून राहते, आणि तो थर गळून खालून नवा येईपर्यंत औषध चालू असावं लागतं. म्हणूनच पायाला हे मलम दिवसातून दोनदा, साधारण ४ आठवडे लावायचं असतं. मी आठ दिवसांत थांबत होते.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर पुढचं टळलं असतं.

माझी मुलगी तेव्हा ११ वर्षांची होती. तीही पोहते. तिच्या कानाच्या खाली, मानेवर, नाण्याएवढं गजकर्ण उठलं. कड लालसर आणि जराशी उंच, मध्ये कातडी जवळजवळ स्वच्छ. ओळखीतल्या एकींनी त्यांच्या घरातली ट्यूब दिली. म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे सगळ्यांना हेच लागू पडतं." लागू पडलं असं मलाही वाटलं. दोन दिवसांत खाज गेली, चार दिवसांत लाली गेली. आठवड्याने मलम थांबवलं, तर पाचव्या दिवशी चट्टा परत आला आणि आधीपेक्षा मोठा होता. मी पुन्हा तेच लावलं. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी तो चट्टा गजकर्णासारखा दिसतही नव्हता. कड पुसट झालेली, मध्येमध्ये बारीक पुटकुळ्या, आणि कातडी अशी पातळ की खालच्या शिरा दिसाव्यात. मुलगी शाळेत केस मोकळे सोडून मान झाकायला लागली, तेव्हा मी तिला त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी चट्टा बघायच्या आधी विचारलं, "ट्यूब आणलीत का?" मी पर्समधून काढून दिली. त्यांनी ती दिव्याखाली धरली, बारीक अक्षरांवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "वाचा." मी वाचलं, क्लोबेटासॉल. मी म्हटलं, "हो, क्लोट्रिमॅझोल. मी पण पायाला तेच लावते." त्या म्हणाल्या, "पुन्हा वाचा."

क्लोट्रिमॅझोल आणि क्लोबेटासॉल. सुरुवात सारखी, लांबीही जवळपास सारखी. पहिलं बुरशीवरचं औषध, दुसरं स्टेरॉइड आणि तेही अतिशय जोरदार. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड, जंतूंवरचं औषध आणि बुरशीवरचं औषध अशी खिचडी होती. स्टेरॉइड लावलं की सूज, लाली आणि खाज बसते, कारण आपलं शरीर बुरशीशी जो झगडा करत असतं तोच थांबतो. बुरशीला रान मोकळं मिळतं. वरून सगळं शांत दिसतं आणि खाली ती पसरत जाते. चट्ट्याचं रूप इतकं बदलतं की पुढे डॉक्टरांनाही ओळखायला अवघड जातं. त्याला टिनिया इन्कॉग्निटो म्हणतात, म्हणजे ओळख लपवलेलं गजकर्ण. हे नाव १९६८ मध्ये दोन डॉक्टरांनी दिलं. पन्नासहून अधिक वर्षं ही गोष्ट माहीत आहे आणि तरी अशी मिश्रणं घरोघरी हातोहात फिरतात, याचा मला खरोखर संताप येतो. मान, चेहरा, जांघ, काख इथली कातडी मुळात पातळ. तिथं जोरदार स्टेरॉइड आठवडेच्या आठवडे लावलं तर ती आणखी पातळ होते, आणि जांघेत, काखेत पडलेले ओरखड्यांसारखे पांढरे पट्टे कायमचे राहू शकतात. तेव्हा बेटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यांपैकी काहीही ट्यूबवर दिसलं तर ती स्वतःच्या मनाने गजकर्णाला लावू नका.

डॉक्टरांनी मुलीच्या मानेवरून बोथट पात्याने थोडे पापुद्रे खरवडून काचपट्टीवर घेतले आणि त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकले. त्याने कातडीच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे तसेच राहतात. मला मायक्रोस्कोपमधून बघायला दिलं. फिकट पेशींच्या आरपार गेलेले, फाटे फुटलेले बारीक धागे. इतके महिने नुसता चट्टा बघत होते, त्या दिवशी पहिल्यांदा शत्रू बघितला. मग डॉक्टर म्हणाल्या, "आता तुमचे पाय दाखवा." मी चपला काढल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "टॉवेल एकच वापरता का?"

वापरत होतो. तलावावरून आलो की पिशवीत एकच मोठा टॉवेल असायचा. मी त्याने पाय पुसायचे आणि नंतर ती केस पुसायची.

आता मूळ मुद्द्यावर येते. त्या दिवशी आम्हा दोघींना टर्बिनाफिन १ टक्का मलम मिळालं, बाकी काही नाही. टर्बिनाफिन वेगळ्या कुळातलं आहे. तेही एर्गोस्टेरॉलच बनू देत नाही, पण खूप आधीच्या पायरीवर अडवतं. त्या पायरीवर अडवल्यामुळे स्क्वालीन नावाचं द्रव्य बुरशीच्या पेशीत साचत जातं आणि ते तिला विषासारखं बाधतं. म्हणजे गजकर्णाच्या आणि चिखल्यांच्या बुरशीला हे औषध मारतं, नुसतं रोखत नाही. शिवाय कातडीच्या वरच्या थरात ते साठून राहतं आणि लावणं थांबवल्यावरही काही दिवस काम करत असतं. म्हणून बेचक्यातल्या चिखल्यांना बऱ्याचदा एक आठवडा पुरतो, जिथं क्लोट्रिमॅझोलला चार लागतात. माझ्यासारखी मध्येच सोडून देणारी जी माणसं असतात, त्यांच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

वापरायला कसं आहे? पांढरं, मऊ, वास जवळजवळ नाही, चोळल्यावर मिनिटभरात जिरतं. चिकटपणा राहत नाही, त्यामुळे मोजे चढवायला थांबावं लागत नाही. चिरलेल्या बेचक्यात पहिले दोन दिवस लावलं की चुरचुरतं, अगदी डोळ्यांत पाणी येईल इतकं नाही, पण कळतं. तिसऱ्या दिवसापासून तेही गेलं. तिसऱ्या रात्री मी खाजेने उठले नाही. पाचव्या दिवशी पांढरा थर सुटून आला. मी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दोन आठवडे पूर्ण केले. सातव्या दिवशी पाय अगदी स्वच्छ दिसत होते आणि ट्यूब ठेवून देण्याचा मोह झाला होता हे कबूल करते.

लावायची रीत मी तोवर चुकीची समजत होते. मी लाल दिसेल तेवढ्यावरच मलमाचा ठिपका ठेवायचे. बुरशी कडेच्या बाहेर, अजून लाल न झालेल्या कातडीतही पसरलेली असते, त्यामुळे चट्ट्याच्या बाहेर साधारण २ सेंटिमीटरपर्यंत लावायचं. मुलीच्या मानेला आम्ही बाहेरून आत लावत गेलो. आधी स्वच्छ कातडीवर कडं काढायचं आणि मग मध्याकडे यायचं, म्हणजे बोटाने बुरशी बाहेर ओढली जात नाही. किती घ्यायचं याचं मापही छान आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत मलमाची एक पट्टी काढायची. मोठ्या माणसाच्या बोटावर ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं आणि दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. माझ्या बेचक्यांना त्याच्या निम्मंही पुरे झालं. जाड थर देण्याने काही साधत नाही, उलट बोटांच्या बेचक्यात तो ओला राहतो आणि ओल तर बुरशीला हवीच असते.

लावण्याआधी पाय कोरडे करण्याला मी मलमाइतकंच महत्त्व देईन. नुसतं पुसून बेचकं कोरडं होत नाही. मी सुती कापडाची चिंधी प्रत्येक बेचक्यातून ओढून काढते, मग पाच मिनिटं पाय पंख्यासमोर, आणि मग मलम. पायाचा टॉवेल वेगळा, अंगाचा वेगळा, केसांचा वेगळा. तिघांच्या खुंट्याही वेगळ्या. टॉवेल, मोजे, चादरी ६० अंशांच्या गरम पाण्यात धुते. आणखी एक बारीकशी गोष्ट, जी कुणी सांगत नाही. पायाला चिखल्या असताना कपडे घालताना आधी मोजे घालायचे आणि मग आतले कपडे. नाहीतर चड्डी पायांवरून वर ओढताना पायाची बुरशी थेट जांघेत पोचते. जांघेतल्या गजकर्णाची सुरुवात कित्येकदा पायातूनच झालेली असते.

मुलीचं बरं होणं माझ्याइतकं सरळ नव्हतं. स्टेरॉइड थांबवल्यावर पहिले पाच-सहा दिवस चट्टा लालभडक झाला आणि खाज वाढली. डॉक्टरांनी आधीच बजावून ठेवलं होतं म्हणून मी घाबरले नाही. ती मात्र दुसऱ्या दिवशी रडत म्हणाली, "आई, तू ते आधीचंच लाव ना, त्याने लगेच बरं वाटायचं." मी तिच्या मानेवर गार पाण्याच्या घड्या ठेवत बसले. दहाव्या दिवशी कड सपाट झाली. चट्टा दिसेनासा झाल्यावरही आम्ही आठवडाभर लावलं, एकूण चार आठवडे. तपकिरी डाग मागे राहिला होता, तो कित्येक महिन्यांनी गेला. डाग म्हणजे बुरशी नव्हे, हे न कळल्यामुळे काही जण डागावर मलम लावतच राहतात. खाज, पापुद्रे आणि उंच कड या तिन्ही गोष्टी गेल्या असतील, तर उरलेला डाग काळच घालवतो.

इथपर्यंत मलमाला पैकीच्या पैकी.

पण तीन महिन्यांनी माझ्या करंगळीचं बेचकं पुन्हा पांढरं झालं. या वेळी मी सगळं नीट केलं होतं, टॉवेलसुद्धा. म्हणून शोध सुरू केला आणि नजर गेली बाबांच्या पायांकडे. बाबा ७४ वर्षांचे, आमच्याकडेच राहतात, त्यांना मधुमेह आहे. त्यांच्या दोन्ही अंगठ्यांची नखं जाड, पिवळी आणि वाकडी झालेली. माझी खात्रीच झाली की बुरशी त्यांच्या नखांतून न्हाणीघराच्या फरशीवर आणि तिथून माझ्या पायात येतेय. मी त्यांच्या नखांवर टर्बिनाफिन लावायला घेतलं. सोबत माझ्या उजव्या अंगठ्याच्या नखावरही, कारण त्याच्या कोपऱ्यात एक पिवळट पट्टा होता. तो नेलपॉलिशचा डाग असावा असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. रोज रात्री, न चुकता, चार महिने. बाबा म्हणायचे, "अगं, माझ्या पायाला काही होत नाहीये, तू कशाला एवढी वाकतेस?" त्यांना काही होत नसणं हीच माझी काळजी होती. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, खाज किंवा दुखणं कळत नाही, आणि बेचक्यातल्या एका चिरेतून जंतू आत शिरून अख्खा पाय सुजू शकतो.

चार महिन्यांत नखांत तसूभर फरक पडला नाही, ना त्यांच्या ना माझ्या. मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी दोन आठवडे सगळी मलमं बंद ठेवून यायला सांगितलं, कारण मलम चालू असताना घेतलेल्या नमुन्यात बुरशी असूनही सापडत नाही. मग आम्हा दोघांच्या नखांखालचा भुसा खरवडून घेतला. एक भाग मायक्रोस्कोपखाली, दुसरा वाढवून बघायला. बुरशी सावकाश वाढते, म्हणून त्या निकालाला चार आठवडे लागले.

बाबांच्या नखांत बुरशी नव्हती. दुसऱ्यांदा तपासलं तरी नव्हती. वय, पायातला कमी झालेला रक्तपुरवठा आणि वर्षानुवर्षं पुढून घट्ट बसणारे बूट यांमुळे ती तशी झाली होती. जाड, बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्याच नखांत बुरशी असते, बाकीच्यांना मार, सोरायसिस हा त्वचारोग, बूट अशी दुसरी कारणं असतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. बुरशी होती ती माझ्या नखात, त्या डागाच्या जागी. म्हणजे घरभर ज्याचा उगम शोधत होते तो माझ्याच अंगठ्यात बसलेला होता. कातडी मलमाने स्वच्छ व्हायची आणि नख तिला पुन्हा बुरशी पुरवायचं. बाबांची मी त्या संध्याकाळी माफी मागितली. त्यांच्या पायांची काळजी आता वेगळ्या रीतीने घेते. रोज रात्री बेचकी बघते, नखं मऊ करून कानशीने बारीक करते, आणि बूट रुंद तोंडाचे आणले आहेत.

मलम नखात का चालत नाही? डॉक्टरांनी नखाचा कापलेला तुकडाच माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "बुरशी याच्या वर नाही, खाली आहे." नख म्हणजे कातडीच्या वरच्या थरात असतं तेच केराटिन नावाचं प्रथिन, पण कित्येक पट जाड आणि घट्ट. कातडीसाठी बनवलेलं मलम त्यावर पसरतं, चकाकतं आणि पुसलं जातं. पोचायला हवं ते नखाच्या खालच्या गादीत. तिथं जाण्यासाठी वेगळी औषधं आहेत. नखावर रंगासारखी लावायची ॲमोरोल्फिन ५ टक्के किंवा सायक्लोपिरॉक्स ८ टक्के, आणि एफिनाकोनॅझोल १० टक्क्यांचा द्रव. आणि पोटात घ्यायच्या गोळ्या, त्यांत टर्बिनाफिनच २५० मिलिग्रॅम, पायाच्या नखांसाठी रोज एक असं १२ आठवडे. गोळ्या सगळ्यांत जास्त प्रभावी, पण यकृताची तपासणी करून घ्याव्या लागतात. वरून लावायच्या औषधांबद्दल फार मोठी आशा ठेवू नये हेही सांगायला हवं. एफिनाकोनॅझोलच्या दोन मोठ्या चाचण्यांत ४८ आठवडे रोज लावूनही नख पूर्ण बरं झालेल्यांचं प्रमाण १७.८ आणि १५.२ टक्के होतं. म्हणजे साधारण सहा जणांत एक. तपासणीत बुरशी न सापडणाऱ्यांचं प्रमाण मात्र निम्म्याहून जास्त होतं, पण नख पूर्ववत दिसणं ही वेगळी गोष्ट.

माझ्या एकाच नखाच्या निम्म्याहून कमी भागात बुरशी होती आणि नखाच्या मुळापर्यंत ती पोचलेली नव्हती, म्हणून आम्ही ॲमोरोल्फिन निवडलं. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, कारण त्या दिवशी तलाव बंद असतो. आधी कानशीने नखाचा बिघडलेला भाग घासून पातळ करायचा. ही कानस चांगल्या नखांना अजिबात लावायची नाही, मी वापरून झाल्यावर टाकूनच देते. मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, औषधाचा थर द्यायचा आणि चार-पाच मिनिटं वाळू द्यायचा. लावायला सोपं आहे, वास झणझणीत आहे, आणि धीर भयंकर लागतो.

पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. बुरशीने बिघडलेला भाग पुन्हा चांगला होत नाही, मुळाकडून चांगलं नख येऊन तो पुढे ढकलला जातो आणि आपण तो कापत जातो. त्यामुळे पहिले दोन महिने काहीच झालं नाही असं वाटतं. मी एक युक्ती केली, जिथं पिवळा भाग सुरू होतो तिथं नखावर कानशीच्या कडेने बारीक आडवी रेघ ओढली. दर महिन्याच्या एक तारखेला फोटो काढायचा. रेघ पुढे सरकली आणि पिवळा भाग रेघेच्या मागे आला नाही, तर औषध चाललंय. तिसऱ्या महिन्यात रेघ ४ मिलिमीटर पुढे होती आणि तिच्या मागे नख गुलाबी होतं. तो फोटो मी मुलीला दाखवला, बाबांना दाखवला, तलावावरच्या मैत्रिणींनासुद्धा दाखवला.

टर्बिनाफिन मलम या काळात मी पूर्ण सोडलं नाही. नखावर त्याचा उपयोग नाही, पण बेचक्यात जरा पांढरं दिसलं की त्याच रात्री सुरू करून दोन आठवडे लावलं. नखाचा उपचार चालू असताना शेजारची कातडी स्वच्छ ठेवणं हे त्याचं काम, आणि ते त्याने चोख केलं.

काही ठिकाणी हे मलम निवडू नये. ओल्या, लालभडक, कडेला पुटकुळ्या असलेल्या जागी कँडिडा नावाची यीस्ट, म्हणजे वेगळ्या प्रकारची बुरशी, असू शकते. तिच्यावर टर्बिनाफिनचा जोर कमी पडतो, तिथं क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोल बरं. मात्र वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मायकोनॅझोल वापरण्याआधी डॉक्टरांना विचाराच, कारण ते वॉरफरिनचा परिणाम वाढवू शकतं. डोक्यातल्या गजकर्णाला कुठलंच मलम पुरत नाही, बुरशी केसांच्या मुळाशी असते आणि गोळ्या लागतात. आणि काही बुरशी आता टर्बिनाफिनलाच दाद देत नाहीत. ट्रायकोफायटन इंडोटिनिए असं २०२० मध्ये नाव मिळालेली जात त्यांपैकी एक. तिचे चट्टे मोठे, अंगभर आणि चिवट असतात. नीट, रोज, पुरेसं लावूनही दोन-तीन आठवड्यांत काडीचा फरक नसेल, तर दुसरी ट्यूब घेऊ नका, खरवडून तपासणी करून घ्या. मधुमेह असलेल्यांनी तर दोन आठवडेसुद्धा थांबू नये.

माझं नख दहाव्या महिन्यात स्वच्छ झालं. शेवटचा पिवळा कोपरा मी कात्रीने कापला तो एका रविवारी, आणि डॉक्टरांनी पुन्हा नमुना घेतला त्यात काही सापडलं नाही. आज त्याला पाच महिने झाले. पिशवीत आता तीन टॉवेल असतात, निळा पायांचा, पांढरा अंगाचा आणि मुलीचा पिवळा. तिने तिच्या टॉवेलवर काळ्या धाग्याने स्वतःचं नाव घातलंय, आणि मी चुकून हात लावला तरी ती ओरडते.